मुलाखतीला जाताना : मन, वाचा आणि कृती एका ओळीत

॥ श्रीगुरवे नमः ॥



गेल्या महिन्यात तीन गटांतून एकच विनंती आली. "काकू, मुलांच्या मुलाखती सुरू झाल्यात, त्यावर एक अभ्यासलेख द्या ना." एका आईने तर विचारलं की मुलाखतीच्या दिवशी कोणतं स्तोत्र किती वेळा म्हणायचं. त्या माउलीची काळजी मला समजते. तिचं उत्तर शेवटी देते. आधी आपण एवढं समजून घेऊ, की मुलाखतीत समोरचे लोक नक्की बघतात काय. ते एकदा कळलं की तयारी कशाची करायची हे आपोआप कळतं.

लेख थोडा मोठा आहे. रविवारी गटात दोन बैठकांत वाचला तरी चालेल.

🌼 *आपल्याच गावात होणारी एक कठीण मुलाखत*

भोपाळमधल्या साधकांनी सुलतानिया इन्फंट्री लाइन्स हे नाव ऐकलेलं असतं. तिथे लष्कराचं निवड केंद्र आहे. सैन्यात अधिकारी व्हायची इच्छा असलेली मुलंमुली लेखी परीक्षा पास झाल्यावर ज्या एसएसबीला जातात, ती एसएसबी इथे होते. महाराष्ट्रातून कितीतरी मुलं त्यासाठी भोपाळला येतात. स्टेशनवर मोठी ट्रंक किंवा बॅग, बारीक कापलेले केस आणि हातात कागदांची फाइल घेतलेला मुलगा दिसला, की आम्ही भोपाळकर ओळखतो.

आपल्या घरातली मुलं बँकेत, शाळेत, कंपनीत मुलाखत देणार असतील, मग लष्कराची गोष्ट कशाला? कारण ही मुलाखत पाच दिवस चालते, आणि माणूस कसा पारखतात हे त्यात अगदी उघड दिसतं.

पहिल्या दिवशी चाळणी असते. बुद्धीची चाचणी, आणि एक धूसर चित्र दाखवून त्यावर गोष्ट लिहायची, मग ती गटात सांगायची. यात जे राहिले ते त्याच दिवशी घरी. पुढे उरलेल्यांची तीन प्रकारे पारख होते. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या घेतात. बारा गोष्टी लिहायच्या, त्यातली शेवटची कोऱ्या चित्रावर. साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. साठ प्रसंग अर्ध्या तासात, 'तू असतास तर काय केलं असतंस?' आणि शेवटी आईवडील, शिक्षक, मित्र तुझ्याबद्दल काय म्हणतात ते लिही. दुसरे अधिकारी समोर बसवून मुलाखत घेतात. तिसरे मैदानावर नेतात. फळ्या, दोर, पिंपं देऊन गटाने अडथळा पार करायचा असतो. कोण पुढे होतो, कोण नुसता ओरडतो, कोण मागे राहिलेल्याला हात देतो हे ते बघतात.

या तिघांच्या कामाला तिथे मनसा, वाचा, कर्मणा असं म्हणतात. मनात काय आहे, तोंडाने काय बोलतो आणि हाताने काय करतो. तिघे आपापलं मत वेगवेगळं बनवतात आणि पाचव्या दिवशी एकत्र बसून ताडून बघतात. एका चाचणीत एक माणूस आणि दुसरीत दुसराच दिसला, की ते लपत नाही.

मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला. काया-वाचा-मने हा शब्द आपण रोज प्रार्थनेत म्हणतो. तो आपल्या गावच्या लष्करी केंद्रात गुण द्यायचं माप म्हणून वापरतात! एनडीएच्या परीक्षेत लेखीला ९०० गुण असतात आणि एसएसबीलाही ९००. म्हणजे पुस्तकाला जेवढा मान, तेवढाच माणसाला.

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतही मुलाखतीला 'व्यक्तिमत्त्व चाचणी' म्हणतात. एकूण २०२५ गुणांत तिचे २७५. आयोग स्वतः सांगतो की ही उलटतपासणी नाही. सहज, पण हेतू ठेवून केलेल्या गप्पा असतात. तेव्हा मुलाखत म्हणजे तोंडी परीक्षा, हा समज आधी काढून टाकू या.

🌼 *माझा भाचा आणि पाठ केलेला पूल*

माझ्या बहिणीचा मुलगा अकोल्याचा. इंजिनिअर झाला आणि सैन्यात जायचं म्हणून बसला. पहिल्या वेळी भोपाळला आला तेव्हा आदल्या दिवशी आमच्याकडे उतरला होता. रात्री जेवताना मी विचारलं, "उद्या काय असतं रे?" तर त्याने घडाघडा एक गोष्ट म्हणून दाखवली. गावात पूर येतो, एक तरुण गावकऱ्यांना एकत्र करतो, सगळे मिळून पूल बांधतात. म्हणाला, "मावशी, कोणतंही चित्र येऊ दे, मी पूल बांधणार."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो दारात उभा. चाळणीतच गेला होता. चित्रात एक बाई आणि मुलगा बसलेले वाटत होते, आणि याने तिथेही पूल बांधला. गटात सांगायला लागल्यावर आणखी दोघांनी तोच पूल बांधलेला निघाला. तो हसत होता, पण डोळे भरले होते. मी काही न बोलता पिठलं-भात वाढला.

दुसऱ्या वेळी तो पाचव्या दिवसापर्यंत टिकला. तेव्हा मुलाखतीत अडकला. तिथे आधी एक फॉर्म भरून घेतात. घर, शिक्षण, छंद, खेळ, जबाबदाऱ्या. अधिकारी त्यावरूनच विचारतात. याने छंदात 'ट्रेकिंग' लिहिलं होतं. त्यांनी विचारलं, शेवटचा ट्रेक कधी, किती वाजता निघालात, पाणी किती नेलं, सोबतचं कोणी थकलं तर काय केलं? कॉलेजच्या एका सहलीच्या भांडवलावर किती वेळ बोलणार? तिसऱ्या प्रश्नाला बोलणं संपलं. आणि हा मुलगा घरी खरंच काय करतो? वडिलांच्या आजारपणात वर्षभर दुकानाचा हिशोब त्याने एकट्याने सांभाळला. उधारी वसूल केली, नोकरांचे पगार वेळेवर दिले. त्याबद्दल फॉर्ममध्ये एक ओळसुद्धा नव्हती. म्हणाला, "मावशी, दुकान काय सांगायचं!"

इथेच आपल्या बहुतेक मुलांचं चुकतं. आपलं खरं त्यांना लहान वाटतं आणि दुसऱ्याचं खोटं मोठं वाटतं.

तिसऱ्या वेळी काय झालं, ते पुढे सांगते. आता तयारी तीन भागांत बघू.

🌼 *पहिला भाग : मन*

मुलाखत ठरायच्या आधीच एक साधी वही करा. पहिल्या पानावर आपला अर्ज किंवा बायोडेटा चिकटवा आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा. 'टीमवर्क' लिहिलंय? कधी, कोणाबरोबर, काय काम? 'वाचन' लिहिलंय? शेवटचं पुस्तक कोणतं आणि त्यातलं काय पटलं नाही? ज्या शब्दाखाली खरी गोष्ट लिहिता येत नाही, तो शब्द खोडून टाका. कागद लहान झाला तरी चालेल.

मग आयुष्यातले पाच खरे प्रसंग लिहा. एक काम जे आपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत केलं. एक चूक आणि ती कशी निस्तरली. एक भांडण, ज्यात समोरच्याचंही थोडं बरोबर होतं. एक वेळ जेव्हा मदत मागावी लागली. एक गोष्ट जी आपण स्वतः शिकलो. प्रत्येक प्रसंग चार ओळींत : काय परिस्थिती होती, माझ्यावर काय होतं, मी काय केलं, शेवट काय झाला. 'आम्ही केलं' असं लिहून पळू नका, 'मी' काय केलं ते लिहा.

आमच्या गटातली एक मुलगी म्हणाली, "काकू, मला काही अनुभवच नाही." मी म्हटलं, "गुरुपौर्णिमेला चपलांचा स्टँड कोण सांभाळतं?" गेल्या वर्षी तिनेच पुठ्ठ्याची टोकनं कापली, दोन्हीकडे एकच नंबर घातला, म्हाताऱ्या माणसांच्या चपला पुढच्या फळीवर ठेवल्या आणि पाऊस आल्यावर ताडपत्री मागवून घेतली. गर्दी होती, पण एकही चप्पल हरवली नाही. हे नियोजन नाही तर काय आहे? तिने मुलाखतीत हेच सांगितलं. घेणारे हसले, आणि मग पुढची दहा मिनिटं त्यावरच प्रश्न विचारत राहिले. तिला कुठेही अडकायला झालं नाही, कारण सगळं तिच्या हातून झालेलं होतं.

फक्त एक लक्षात ठेवा. सेवा सांगताना कामाचं सांगायचं, भक्तीचं प्रदर्शन करायचं नाही. समोरचा आपल्या पंथाचा नसतो, आणि त्याने तसं असायची गरजही नाही.

🌼 *दुसरा भाग : वाचा*

इथे माझी स्वतःची गोष्ट सांगते. पोरांना माहीत आहे, मोठ्यांना पहिल्यांदाच सांगत्येय.

मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं. लग्नाआधी एका शाळेत मुलाखतीला गेले होते. आठ दिवस नोट्स पाठ केल्या होत्या. समोरच्या बाईंनी विचारलं, "आठवीच्या मुलीला समजेल असं सांगा, साबणाने मळ कसा निघतो?" मला मोठमोठे शब्द येत होते, सोपा एकही सुचेना. दोन वाक्यं बोलून गप्प झाले. मग दुसऱ्या सरांनी विचारलं, "लग्न झाल्यावर सोडून जाणार ना?" मला राग आला, पण मी मान खाली घालून नुसती हसले. नोकरी मिळाली नाही. आणि नंतर मी कुठेही अर्जच केला नाही. मला घरात कोणी अडवलं नव्हतं. सासरी तर सासरे म्हणायचे, कर ना नोकरी. ते स्वतः १९५६ साली भोपाळ राजधानी झाल्यावर नागपूरहून कचेरीबरोबर इथे आले, नव्या गावात नव्याने उभे राहिलेले. पण मी एका अर्ध्या तासावरून स्वतःबद्दल कायमचा निकाल देऊन बसले होते. संसारात मी सुखी आहे, तक्रार नाही. पण तो निकाल चुकीचा होता, हे कळायला मला तीस वर्षं लागली.

साबणाचं उत्तर आता देते! साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याशी मैत्री करतं आणि दुसरं तेलाशी. तेलकट मळाला ते दुसऱ्या टोकाने धरतं, पहिल्या टोकाने पाण्याचा हात धरतं, आणि पाण्याबरोबर मळालाही घेऊन जातं. एवढंच सांगायचं होतं.

यावरून बोलण्याचे चार नियम :

*१. सोपं करून सांगता आलं पाहिजे.* आपल्या विषयातल्या दहा गोष्टी आजीला समजतील अशा सांगून बघा. आजी मध्येच झोपली, तर अजून तयारी हवी 🙂

*२. येत नसेल तर 'माहीत नाही' म्हणा.* "सर, हे मला माहीत नाही, बघून घेईन." एवढं वाक्य पुरे. थापा मारल्या की पुढचे तीन प्रश्न त्याच थापेवर येतात. अंदाज करायचा असेल तर "माझा अंदाज सांगू का?" असं विचारून करा.

*३. आपलं गाव आपल्याला माहीत हवं.* हा प्रश्न हमखास येतो. भोपाळच्या मुलाला मोठ्या तलावापलीकडे काही सांगता येत नाही, हे बरं नव्हे. भोज पाणथळ २००२ साली रामसर यादीत आलं. इथे बेगमांनी पिढ्यान् पिढ्या राज्य केलं. १९४९ मध्ये संस्थान भारतात आलं, आणि १ नोव्हेंबर १९५६ पासून शहर राजधानी झालं. १९८४ च्या डिसेंबरातल्या गॅसकांडावर बोलायची वेळ आली तर आकडे फेकू नका, जबाबदारीने बोला. आणि भीमबेटका! १९५७ साली रेल्वेतून जाताना ते खडक बघून जो माणूस तिथे गेला आणि ज्याने ती चित्रं जगासमोर आणली, ते डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर. आपल्याच मध्य प्रदेशातला मराठी माणूस. २००३ साली ते ठिकाण जागतिक वारसा झालं. अकोला, सातारा, बेळगाव, पणजी, जिथले असाल तिथली अशी दहा वाक्यं वहीत लिहा.

*४. नको तो प्रश्न आला तर.* मुलींना अजूनही लग्नाबद्दल, मुलांबद्दल विचारतात. माझ्यासारखं मान खाली घालून हसू नका, भांडूही नका. "घरची व्यवस्था मी बघितली आहे. या कामाची वेळ आणि जबाबदारी मला माहीत आहे, ती मी पाळेन." शांतपणे एवढं बोला आणि थांबा.

'तुमच्यातला दोष सांगा' याला 'मी फार जास्त मेहनत करते' असं उत्तर देऊ नका, ते ऐकून समोरच्यांचे कान किटलेत. खरा दोष सांगा आणि त्यावर काय करताय ते सांगा. उदाहरणार्थ, "मला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे कामं साचतात. आता रोज सकाळी कामांची यादी करते आणि नवं काम घेण्याआधी ती बघते." आणि शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणाले, तर कामाबद्दल एक खरा प्रश्न तयार हवा. पहिल्या सहा महिन्यांत माझ्याकडून काय अपेक्षा असेल, असं विचारता येतं.

🌼 *तिसरा भाग : कृती*

हा भाग घरातल्या मोठ्यांनीही लक्षपूर्वक वाचावा.

*कागद.* आपल्या मराठी घरांत एक खास घोटाळा असतो. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. मध्य प्रदेशातल्या कागदांवर नाव आधी, शेवटी आडनाव, आणि वडिलांचं नाव कधी असतं, कधी नसतं. आधारवर तिसराच प्रकार. मुलाखतीच्या सकाळी हे लक्षात येऊन उपयोग नाही. आजच सगळे कागद ओळीने जमिनीवर मांडा आणि नाव, जन्मतारीख, अक्षरं ताडून बघा. फरक असेल तर तो दुरुस्त करायला किंवा शपथपत्र करायला वेळ मिळेल. मूळ कागद एका फाइलमध्ये, सही केलेल्या झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये, चार फोटो, दोन पेनं. बोलावण्याचं पत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. एसएसबीला पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं मिळतं, पण तिकीट जपून ठेवलं तर! अशा गोष्टी पत्रातच लिहिलेल्या असतात.

*मुलाखत आहे की नाही, हेही बघा.* केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून खालच्या गटांतल्या बऱ्याच पदांची मुलाखत बंद केली आहे. बँकेत प्रोबेशनरी ऑफिसरला आहे, क्लार्कला नाही. जाहिरात नीट वाचली तर नसलेल्या मुलाखतीची भीती बाळगायला नको.

*पैसे.* मुलाखत पक्की करून देतो, इतके भरा, असा फोन आला की तो ठेवून द्या. ओळखीचा असला तरी. पैसे गेलेच असतील तर लाज बाळगू नका, लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा.

*जागा आणि कपडे.* शक्य असेल तर आदल्या दिवशी जागा बघून या. भोपाळमध्ये एम.पी. नगरचा पत्ता असेल तर झोन वन की झोन टू, हे नक्की करा, नाहीतर उन्हात फिरत बसाल. कपडे नवेच हवेत असं नाही, धुतलेले, इस्त्रीचे आणि आधी एकदा घालून बसून बघितलेले हवेत. नवे बूट त्याच दिवशी पहिल्यांदा घालू नका.

*मोबाइलवरची मुलाखत.* फोन डब्यांवर ठेवून डोळ्यांच्या उंचीला आणा. उजेड चेहऱ्यावर यावा, खिडकी पाठीमागे नको. कूलर बंद. आणि त्या अर्ध्या तासात घरात कुकर लावायचा नाही! आमच्याकडे एकदा ऐन उत्तरात तीन शिट्ट्या झाल्या होत्या.

*वागणं.* गेटवरचा चौकीदार, पाणी देणारे दादा, शेजारी बसलेला उमेदवार, यांच्याशी आपण कसं बोलतो हीसुद्धा मुलाखतच. एसएसबीत तर पाच दिवस एकत्र राहणं, जेवणं असतं. पाच दिवस नाटक कोणाला जमत नाही. घरी ताट उचलून ठेवणारा मुलगा तिथेही सहज उचलतो.

🌼 *घरच्यांना हात जोडून विनंती*

"शेजारच्या मुलाचं झालं, तुझं कधी?" हे वाक्य मुलाखतीच्या आठवड्यात घरात नको. सोबत जायचं असेल तर एकानेच जा, आणि गेटपर्यंतच. आदल्या रात्री सल्ले नकोत, साधा वरणभात आणि झोप द्या. हातावर दही-साखर जरूर ठेवा. परत आल्यावर 'काय विचारलं?' याआधी 'जेवलास का?' विचारा.

आणि एक काम आठवड्यातून दोनदा करा. जेवणाच्या टेबलापाशी बसवून वीस मिनिटं खोटी-खोटी मुलाखत घ्या. बाबांनी एक प्रश्न, आजोबांनी एक, धाकटीने एक. शक्यतो मध्ये हसायचं नाही, टोकायचं नाही. शेवटी प्रत्येकाने एक चांगली गोष्ट आणि एकच सुधारणा सांगायची. मुलगा आरशासमोर महिनाभर बोलून जे शिकत नाही, ते इथे शिकतो.

🌼 *आणि नाही झालं तर?*

डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम तरुणपणी हवाई दलात वैमानिक व्हायला डेहराडूनला मुलाखतीला गेले होते. पंचवीस जणांत त्यांचा नंबर नववा आला आणि जागा होत्या आठ. निराश होऊन ते ऋषीकेशला गेले, गंगेत स्नान केलं आणि स्वामी शिवानंदांना भेटले. हे त्यांनी स्वतः 'अग्निपंख' या आत्मचरित्रात लिहिलं आहे. स्वामींनी त्यांची समजूत घातली. त्यांनी ते अपयश मनाने स्वीकारलं, दिल्लीला जाऊन दुसऱ्या मुलाखतीचा निकाल विचारला, तर हातात नेमणुकीचं पत्रच आलं. मूळ पगार अडीचशे रुपये. तिथून पुढचं सगळ्यांना माहीत आहे. आणि २००६ साली, राष्ट्रपती असताना, चौऱ्याहत्तराव्या वर्षी पुण्याच्या लोहगाव तळावरून ते सुखोई विमानात बसून उडाले.

यात माझ्यासाठी धडा एकच आहे. ते स्वामींकडे गेले, पण तिथेच बसून राहिले नाहीत. उठून दिल्लीला गेले. गुरूंनी उभं केलं, चालायचं आपल्यालाच. मी माझ्या वेळी उठलेच नव्हते.

आता भाच्याचं. तिसऱ्या वेळी त्याने फॉर्ममध्ये दुकान लिहिलं. मुलाखत पाऊण तास चालली आणि म्हणाला, "मावशी, पहिल्यांदा घाम नाही आला." तरीही शेवटच्या यादीत त्याचा नंबर नव्हता. वयाची मर्यादा संपत आली होती. ती रात्र आमच्या घरात जड गेली, ते लपवत नाही. सगळं खरं सांगितलं म्हणून हवं ते मिळतंच, असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

पण पुढच्याच वर्षी एका बँकेच्या मुलाखतीत त्याला विचारलं, "शिक्षणानंतर दोन वर्षं काय केलंत?" तो म्हणाला, "तीनदा लष्कराच्या निवडीला गेलो आणि तीनदा परत आलो. पहिल्या वेळी पाठांतर नेलं, दुसऱ्या वेळी खोटा छंद नेला, तिसऱ्या वेळी स्वतःला नेलं. आणि मधल्या काळात वडिलांचं दुकान चालवलं." मग उधारी कशी वसूल केली, यावरच बँकेच्या साहेबांनी सगळे प्रश्न विचारले. आज तो कर्ज विभागात काम करतो. अजूनही सैन्याची गाडी दिसली की क्षणभर थांबतो. थांबू दे. त्याची ती इच्छाही खरीच होती.

🌼 *त्या आईच्या प्रश्नाचं उत्तर*

ताई, जे स्तोत्र तुमच्या मुलाला रोज म्हणायची सवय आहे, तेच त्या दिवशीही म्हणू दे, रोजच्याइतकंच. नवीन काही नको, संख्या वाढवायला नको. मन शांत व्हावं एवढ्यासाठीच ते आहे, परीक्षकांवर त्याचा भार टाकायचा नाही. आत जायच्या आधी डोळे मिटून तीन श्वास घ्यायचे आणि मनात म्हणायचं, 'जे आहे तेच सांगेन.'

📖 *या आठवड्याचा स्वाध्याय*

१. घरातल्या प्रत्येकाने, नोकरी शोधत नसलेल्यांनीही, आपले पाच खरे प्रसंग वहीत लिहावेत. गृहिणींनी तर नक्की. आपण घर चालवलं म्हणजे काय काय केलं, ते एकदा कागदावर बघा.
२. सगळ्यांचे कागद काढून नाव आणि जन्मतारीख ताडून बघा.
३. रविवारी गटात एका उमेदवाराची वीस मिनिटांची मुलाखत घ्या.
४. ज्या ताईंनी एका नकारानंतर अर्ज करणं सोडलं असेल, त्यांनी गटात मोकळेपणाने बोलावं. वय विचारणार नाही. बायोडेटा लिहायला मी बसेन सोबत.

लिहिण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्यांनी सांभाळून घ्यावं.


— आपली एक सेविका, भोपाळ